मधलाच दिसतो

७ जानेवारी

थापाड्या! अजून थापाड्याच! घर सोडून चार वर्षं झाली, परदेशातल्या बांधकामावर उणे बावीसमध्ये दिवसभर उभा राहतो, मिशी आली, त्या मिशीवर बर्फ धरायला लागला — तरी बाबांच्या तोंडी शब्द तोच.

मी खोटं काय सांगितलं? सकाळी साडेनऊला सूर्य वर आला तो एकटा नाही आला. डावीकडे एक, उजवीकडे एक. तीन! मधला आपला नेहमीचा. बाजूचे दोघे जरा बुटके, आतल्या अंगाला लालसर, बाहेरच्या अंगाला पांढरी शेपटी काढलेले. आणि सगळ्यांना धरून एक मोठं कडं. चंद्राला कधीकधी खळं पडतं ना, तसं. पण सूर्याला, दिवसाढवळ्या.

जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. ताईने उचलला आणि नेहमीसारखा दुकानात नेऊन आरशासमोर ठेवला. बाबांच्या खुर्चीत कोणीतरी होतं, वस्तऱ्याचा आवाज येत होता. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "तीन सूर्य? असतील, असतील. गुरुजीही वारले होते, नाही का?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक फस्सकन हसलं.

सातवीत होतो मी! गुरुजी वारले, आठ दिवस शाळा बंद, असं घरी सांगितलं होतं. पाचव्या दिवशी गुरुजी स्वतः दाढीला आले. बाबांनी म्हणे साबण लावता लावता विचारलं, "आपण गेलात कधी?" झालं. माझी शाळा तिथेच सुटली, आणि ही गोष्ट त्या दुकानात दर आठवड्याला सांगितली जाते.

ताईला फोटो पाठवला. ती ओरडलीच — "अगंबाई, खरंच तीन!" मग तिने तो बाबांच्या नाकासमोर धरला. बाबा म्हणाले, "मधलाच दिसतो. आणि मधला आमच्याकडेपण आहे."

समोर धरलेला फोटोसुद्धा कबूल करायचा नाही. हट्टीपणालाही काही सीमा!

८ जानेवारी

डोकं शांत आहे आज. उणे एकोणीस.

माझं काम म्हणजे वर बघणं. क्रेनच्या हुकाला पट्ट्यांनी माल बांधायचा आणि वरच्या केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला हाताने खुणा करायच्या. वॉकीटॉकी आहे, पण एवढ्या थंडीत तिची बॅटरी तासाभरात जीव सोडते. म्हणून हात. बोट वर करून गोल फिरवलं की माल उचल. हात आडवा केला की थांब. हात लांब करून मूठ मिटली आणि अंगठा वर केला की बूम वर घे — म्हणजे क्रेनचा तो लांब दांडा.

ऑपरेटरचं नाव कोणी घेत नाही. 'वरचा' म्हणतात. वरच्याच्या मनात असेल तेव्हा सिमेंट येतं, वरचा रुसला की सगळे बसून! त्याला मी सात महिन्यांत जवळून पाहिलेलं नाही. माझ्या आधी तो चढतो, माझ्या नंतर उतरतो. केबिनच्या काचेत एक लोकरीची टोपी दिसते तेवढीच.

चार वर्षांत सहा कामं सोडली मी. मासे गोठवायचे, खोकी चिकटवायची, रस्त्यावरचं डांबर… एका जागी बूड टिकत नाही, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. पण इथे टिकलं. कारण मला वर जायचंय. त्या केबिनमध्ये! क्रेन चालवायचा कोर्स एक फेब्रुवारीला सुरू होतो. फी आपल्या रुपयांत पंचेचाळीस हजार. या महिन्याचा पगार धरला की जमतात, बरोबर तेवढे. मुकादमाची सही लागते, तोही हो म्हणालाय.

बाबांना हे सांगितलं होतं. "वर चढून तरी काय दिसणार आहे?" म्हणाले. दुकानात दुसरी खुर्ची माझ्यासाठी घेतली होती त्यांनी. लाल, फिरणारी. मी तिच्यामागे उभं राहून तीन महिने काम केलं आणि पळालो. ती खुर्ची अजून तशीच आहे, असं ताई सांगते. गिऱ्हाइकाची टोपी ठेवायला वापरतात.

९ जानेवारी

बर्फ. काम बंद. माझ्या खोलीत राहणारा वेल्डर आणि मी मोजे वाळवत बसलो. त्याचे मोजे माझ्या उशीला टेकून!

११ जानेवारी

आज पुन्हा खळं! बाजूचे सूर्यही होते, पण फिके. मी मान वर करून बघतोय तोवर वॉकीटॉकी खरखरली. सकाळची वेळ, अजून जिवंत होती.

"ए खालच्या! सूर्याकडे असं उघड्या डोळ्यांनी बघू नकोस. अंगठ्याने झाक आधी त्याला."

वरचा! माल सोडून दुसरं काही बोलला नव्हता आजवर. मी हात लांब करून अंगठ्याने सूर्य झाकला. आणि काय सांगू — डोळे दिपायचे थांबले आणि कडं उलट जास्त स्वच्छ दिसायला लागलं. सूर्य अंगठ्यामागे, खळं जागच्या जागी!

तो म्हणाला, हवेत बर्फाचे बारीक कण तरंगतात, सहा बाजूंचे, त्यांतून उजेड वाकतो. बाजूच्या सूर्यांना इकडे 'सूर्याची कुत्री' म्हणतात. मालक मधे, दोन कुत्री दोन बाजूंना, कधी पुढे नाही जात, कधी मागे नाही राहत.

"आता अंगठा सूर्यावर ठेवून हाताची वीत कर," म्हणाला. "करंगळी कुठे पोचते?"

बरोबर कड्यावर! वीतभर, ना कमी ना जास्त.

"माझीपण तिथेच पोचते," तो म्हणाला. "आता पट्टा आवळ, मला थंडी वाजतेय."

१२ जानेवारी

सकाळी कामावर जाताना यार्डातल्या प्रत्येक दिव्यावर उजेडाचा सरळ खांब उभा होता. तोही बर्फाच्या कणांचाच खेळ म्हणे. मुकादमाला दाखवला. "बिल जास्त येणार का?" म्हणाला.

१४ जानेवारी

नाही करणार फोन आता. संपलं.

मी चांगल्या मनाने खळ्याचं सांगत होतो, वीत वगैरे. बाबा मधेच म्हणाले, "खळं ना? त्याचं काय एवढं? माझ्या आरशावरच्या बल्बला रोज पडतं. दिवे लावले की पडतं. सात रंगांचं. आम्ही नाही गावाला फोटो वाटत."

दुकानात आणखी दोघं असावीत. तीही हसली.

प्रत्येक गोष्टीत वरचढ! माझ्याकडे सूर्य तर त्यांच्याकडे बल्ब! मी म्हटलं, "ठीक आहे, तुमचा बल्ब मोठा." आणि ठेवला.

ताईने मग वेगळा फोन केला. "मनावर घेऊ नकोस रे. त्यांचं हल्ली चित्त ठिकाणावर नसतं. संध्याकाळी डोकं धरून बसतात. परवा एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली." चाळीस वर्षांत बाबांकडून कानाला कात्री लागलेली मी ऐकली नाही. मी म्हटलं, म्हातारे झाले. ती म्हणाली, तूच जा आणि त्यांना सांग.

१६ जानेवारी

 

साडेदहा. खिडक्यांच्या चौकटी चढवत होतो, आठ एका गठ्ठ्यात. पट्टे बांधले, हुक लावला. गिलावा करणारा पलीकडून बाजूला होईपर्यंत थांबायचं होतं. तेवढ्यात वर बघितलं — आजवर नव्हतं दिसलं असं! मोठं खळं, दोन्ही कुत्री, आणि त्यांच्या खूप वर, डोक्यावर जवळजवळ, एक उलटं इंद्रधनुष्य. हसणाऱ्या तोंडासारखं. विचारच केला नाही. हात लांब केला, मूठ मिटली, अंगठ्याने सूर्य झाकला.

हात लांब. मूठ बंद. अंगठा वर.

बूम वर घे!

वरच्याने घेतली. का नाही घेणार? खूण चोख होती. बूम वर गेली तसा गठ्ठा क्रेनकडे ओढला गेला, भिंतीवर आदळला. दोन चौकटी फुटल्या. गिलाव्यावाला एक पाऊल — एकच पाऊल — पलीकडे होता. त्याच्या हातातली थापी खाली पडली, तिचा आवाज अजून कानात आहे.

मुकादम ओरडला नाही. तेच वाईट. "कुणाला दाखवत होतास अंगठा?" एवढंच. मी खरं सांगितलं. सूर्याला. त्याने एकदा वर बघितलं. मग म्हणाला, "फावडं घे. पंधरा दिवस हुकाजवळ दिसू नकोस." कोर्सच्या सहीचं विचारायचं तोंडच राहिलं नाही.

१७ जानेवारी

फावडं. बर्फ इकडून तिकडे. संध्याकाळी वाऱ्याने तो पुन्हा इकडे.

जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी शेजारी येऊन बसलं. लोकरीची टोपी! वरचा! आणि केवढासा माणूस — माझ्या खांद्याला लागेल इतका. साठीचा असेल. मी तर वर कोणी पहिलवान बसलाय असं समजत होतो.

मी उभाच राहिलो. म्हटलं, आता हा कानाखाली देणार.

"बस," म्हणाला. "चूक माझीपण आहे. अंगठा मीच शिकवला. पुन्हा बघशील तेव्हा तळवा उघडा ठेव." मग माझ्या डब्यातलं लोणचं बोटाने चाखलं आणि खोकला.

जरा बरं वाटलं म्हणून मी त्याला हसवायला बाबांचा बल्ब सांगितला. आरशावरच्या बल्बला सात रंगांचं खळं, रोज दिवे लावले की!

तो हसला नाही.

"तुमच्या दुकानात बर्फ तरंगतो?"

"छे! तिकडे पंखा लागतो."

"मग खळं कसलं? वाफ आहे? धूर?"

"नाही."

"डोकं दुखतं त्यांचं?"

ताई सांगते, डोकं धरून बसतात, मी म्हटलं. मग तो म्हणाला, त्याचा थोरला भाऊपण क्रेनवर होता. दोन वर्षं त्याला दिव्यांभोवती कडी दिसायची. केबिनची काच घाण आहे म्हणून रोज पुसायचा. एक दिवस डावीकडची भिंतच दिसली नाही त्याला. आता घरी असतो. बायको हात धरून फिरवते.

"अंगठा धरायला सांग वडिलांना. दिवा झाकल्यावर खळं राहिलं तर ते बाहेर आहे. दिव्याबरोबर गेलं तर डोळ्यात आहे. आजच सांग!"

१८ जानेवारी

काल फोन केला नाही. केला असता तर 'थापाड्या' ऐकावं लागलं असतं, म्हणून नाही केला. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

आज केला. दुकान बंद व्हायच्या वेळेला, गिऱ्हाईक नसताना.

"बाबा, बल्बकडे बघा. खळं आहे?"

"आहे की. झकास आहे. तुझ्या सूर्याला लाजवेल."

"हात लांब करा. अंगठा वर. बल्ब झाका अंगठ्याने."

"हा काय पोरखेळ?"

"करा हो बाबा," ताई मागून.

"झाकला. पुढे?"

"खळं आहे?"



"गेलं."

"अंगठा काढा."

"आलं."

"पुन्हा झाका."

"गेलं! गेलं म्हणजे गेलं, किती वेळा सांगू? का रे, गप्प का झालास? जिंकलास की हरलास?"

मी म्हटलं, इथे राहतं बाबा. सूर्य झाकला तरी खळं राहतं. तुमचं डोळ्यात आहे. डॉक्टरकडे जा, उद्याच जा.

"झाली थाप सुरू," म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मग ताई बोलली. माझ्याशी नाही, त्यांच्याशी. "बाबा, डाव्या खांद्याला रोज दाराची चौकट लागते तुमच्या. मी मलम लावते ते कशाला? कान कापला तोपण डाव्या बाजूचाच होता."

फोन कोणी ठेवला कळलं नाही.

१९ जानेवारी

फावडं मारता मारता एकदम थांबलो. तो फोटो!

मधलाच दिसतो, म्हणाले होते.

ते हट्ट करत नव्हते. त्यांना खरंच मधलाच दिसत होता.

२२ जानेवारी

ताईने सांगितलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बाजूचं आधी जातं म्हणे, हळूहळू, आणि माणसाला कळतही नाही. मान वळवून वळवून तो चालवून घेतो. डावा जवळजवळ गेलाय. तो परत येणार नाही. उजवा आहे तेवढा वाचेल, पण ऑपरेशन लवकर करायला हवं. डॉक्टर म्हणाले, या महिन्याअखेर तरी. पुढचं कोणी सांगू शकत नाही.

बाबांनी डॉक्टरला विचारलं म्हणे, "दाढी करू शकेन?" डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन केलं तर. नाहीतर तुमची दाढी दुसऱ्याला करावी लागेल."

२४ जानेवारी

नको म्हणतात!

खर्चाचा आकडा ऐकला आणि म्हणाले, एका डोळ्यावर लोकांची आयुष्यं गेली. ताईकडे आहे ते तपासणीत आणि औषधांत संपलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहेत. ताईने हळूच सांगितलं, "मी बोलले रे. म्हणाले, ते पोराच्या कोर्सचे आहेत, त्याला हात लावाल तर दुकानाबाहेर पाय ठेवणार नाही. म्हणाले, जन्मात पहिल्यांदा ते पोर एका जागी टिकलंय."

हे त्यांनी मला कधी नाही सांगितलं. मला म्हणाले होते, वर चढून काय दिसणार.

२६ जानेवारी

मुकादमाने फावडं काढून घेतलं. "उद्यापासून हुकावर." खिशातून कागद काढला — कोर्सचा. सही केलेला! "वरच्याने डोकं खाल्लं माझं. म्हणतो, त्या पोराची खूण सगळ्यांत चोख असते, सूर्याला दाखवली तरी."

कागद गादीखाली ठेवलाय. दोनदा काढून पाहिला.

२८ जानेवारी

बाबांचा फोन. स्वतःहून! चार वर्षांत पहिला. ताईने लावून दिला असेल, पण बोलायला तेच होते.

आधी हवा-पाणी विचारलं. मग म्हणाले, "आज गुरुजी आले होते."

"कोण? वारलेले?"

"तेच. ऐंशीचे झालेत. मी म्हटलं, मान हलवू नका, मला आता एकाच बाजूचं दिसतं. तरी बसले. त्यांना तुझ्या तीन सूर्यांचं सांगितलं. म्हटलं, बघा, विद्यार्थी सुधारला नाही." थांबले. "गुरुजी म्हणाले, असतं तसं. थंड मुलुखात असतं. पुस्तकात आहे."



"तीन होते तर," बाबा म्हणाले.

"तीन होते बाबा."

"बाजूचे दोघे कसे होते रे? नीट सांग. घाई करू नकोस."

मी सांगितलं. लाल कुठे, पांढरं कुठे, शेपटी कोणत्या बाजूला. मालक मधे आणि कुत्री दोन बाजूंना, ते सांगितलं. वीत सांगितली. मधे मधे "हं" म्हणत होते. फोनमधून कळत नव्हतं, पण मला वाटतं त्यांनी हात लांब करून वीत मोजून पाहिली.

शेवटी म्हणाले, "तो फोटो जपून ठेवलाय ताईने."

मी म्हटलं, ऑपरेशन करा.

"तू वर चढ आधी," म्हणाले. "मग बघू."

३० जानेवारी

पगार झाला. वरच्याला विचारलं, पुढचा कोर्स कधी? "पुढच्या हिवाळ्यात. असलाच तर." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खालूनपण दिसतात रे कुत्री." आणि शिडीकडे गेला.

३१ जानेवारी

सकाळी बाबांना फोन केला. सांगितलं, कोर्स रद्द झाला. शिकवणारा पाय मोडून पडलाय, सगळ्यांची फी परत केली, पैसे नुसते पडून आहेत. लगेच म्हणाले, "अरेरे! फार लागलं का त्याला?"

थाप पचली. आयुष्यात पहिल्यांदा!

पाठवले. पंचेचाळीस हजार.